तपासणीला दिलेलं दूध

आमच्या वस्तीतलं कुणी तोवर नांदेडच्या पुढं गेलं नव्हतं, पण माझं दूध परदेशात गेलं. काचेच्या बाटलीत, बर्फाच्या पेटीत, आधी जीपनं आणि पुढं म्हणे विमानानं. ही फुशारकी नाही. फुशारकी मारावी असं त्यातून माझ्या पदरात काही पडलं नाही.

दोन हजार साल उलटून थोडाच काळ झाला होता. डोंगरकड्याच्या अलीकडं आमची धनगरांची वस्ती. मेंढरं, शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. उन्हाळ्याच्या तोंडाला गडीमाणसं कळप घेऊन हट्ट्याच्या बाजूला जायची, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला. नवरा तिकडंच होता. घरी मी, सासू आणि माझी पहिली पोरगी, नुकती मान धरायला लागलेली. माहेरी आई उरली नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. सासूला तोंडावर मी आत्याबाई म्हणायचे, तुमी म्हणायचे. इथं मात्र तिला ‘ती’च म्हणते. लिहिताना कुणाची भीड ठेवायची नाही असं मी ठरवलंय.

एका दुपारी नर्सबाई जीप घेऊन आली. बरोबर एक मॅडम होत्या, मोठ्या शहरातल्या, आणि एक गोरी बाई. वस्ती सगळी गोळा झाली. गोरी बाई खाली वाकून आमच्या शेळ्यांना हात लावत होती आणि पोरं तिला हात लावायला बघत होती. मॅडम हिंदी बोलायच्या, मधूनच शाळेच्या पुस्तकातलं मराठी. त्यांना पहिलटकरीण हवी होती. अंगावर पाजणारी, आणि जन्मापासून ह्याच भागात राहिलेली. नर्सबाईनं सरळ माझ्याकडं बोट केलं.

मॅडमनी समजावून सांगितलं. शेतावर मारायची औषधं, पावडरी, कारखान्यातून सुटणारी घाण, हे सगळं पाण्यात, चाऱ्यात, अन्नात उतरतं आणि शेवटी आईच्या दुधात येऊन बसतं. दुनियेतले देश एकत्र आलेत, त्यांनी करार केलाय की असली जहरं बनवायची नाहीत, वापरायची नाहीत. पण कोणत्या देशात किती जहर मुरलंय ते आधी कळायला हवं, म्हणून जागोजागच्या आयांचं दूध गोळा करून राहिलेत. मी दहावीपर्यंत शिकलेली. मला बराबर समजलं. समजलं आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. आजवर वस्तीवर माणसं आली ती मेंढरं मोजायला नाहीतर मत मागायला. माझं काहीतरी दुनियेच्या कामाचं आहे, असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

मग गोऱ्या बाईनं पुष्कळ विचारलं आणि मॅडम तिचं हिंदीत करून सांगत राहिल्या. पाणी कुठलं पिता, कापसावर काय फवारता, मेंढरांच्या गोचिडांना काय लावता. सासूनं आतून पांढऱ्या पावडरीची पिशवी आणून दाखवली. मेंढरांच्या अंगाला तीच, बाजेच्या दोरीत ढेकणाला तीच, आणि उवा झाल्या की आमच्या डोक्यालाही तीच. रात्री पावडर चोळून फडकं बांधायचं, सकाळी धुऊन टाकायचं. गोऱ्या बाईनं पिशवीला हात लावला नाही. ती मॅडमना काहीतरी बोलली आणि मॅडम म्हणाल्या की ही त्यांच्या देशात कधीचीच बंद झालीय.

मी विचारलं, "मंग इथं काहून विकतेत?"

मॅडम म्हणाल्या की होईल बंद, सगळे देश मिळून त्याचंच बघून राहिलेत. वारंग्याच्या फाट्यावर ती पावडर बिस्किटांच्या बरणीशेजारी मिळायची. आमची पिशवी संपली तेव्हा आम्ही तिथूनच दुसरी आणली.

वाकळीच्या आडोशाला बसून मी दूध पिळलं. बाटली दिसायला लहान, पण भरता भरेना. हात दुखून आले. पोरगी बाजूला पडून रडत होती आणि नर्सबाई तिला थोपटत म्हणत होती, थांब गं, तुझ्या आईला सरकारी काम आहे. बाटली भरली तशी मॅडमनी तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आणि बर्फात ठेवली. मला एक टॉवेल आणि साबणाची वडी मिळाली. मी विचारलं, माझं काय निघालं ते कळंल ना? त्या म्हणाल्या, कळेल, पण वक्त लागेल, बाहेरच्या देशात पाठवायचंय. सासू दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण तिच्या ध्यानात एकच शब्द राहिला. जहर.

जीप गेली आणि संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं की धाकल्या सूनबाईच्या दुधात जहर हाय. मी ज्याला त्याला सांगत होते की तपासायला नेलंय, निघालं नाही अजून. ऐकतंय कोण! बायका दारात येऊन पोरीकडं वाकून बघायच्या, जसं काही ती आताच निळी पडणार होती. एकजण म्हणाली की म्हणूनच ही किरकिरी हाय. दुसरी म्हणाली, उगंच का एवढी गोरी बाई उन्हाची इथवर येईल? मलाही तेच वाटायला लागलं. खरंच, उगंच का येईल?

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. लेकरू अंगाला लागलं नाही, सारखं रडलं, दूध ओकायला लागलं, की म्हाताऱ्या बाया आईच्या दुधाची परीक्षा घेतात. वाटीत दूध पिळायचं आणि त्यात मुंगी सोडायची. मुंगी काठाला लागून बाहेर आली तर दूध चांगलं. मेली तर दूध बाधलेलं. मग आईला पाजू द्यायचं नाही, लेकरू शेळीच्या दुधावर टाकायचं. मी हे लहानपणापासून ऐकत होते, पण अशी मुंगी माझ्यापर्यंत येईल असं कधी वाटलं नव्हतं.

सासूनं दुसऱ्या दिवशी पितळेची वाटी पुढं केली. मी नको म्हणाले. ती म्हणाली की बाटलीभर दूध परक्या बाईला दिलंस, मला चार थेंब द्यायला काय झालं? मी दिलं. शेजारपाजारच्या म्हाताऱ्या बसल्याच होत्या. मुंगी पडली, पाय झाडत गोल फिरली, आणि थांबली. सासूनं वाटी उकिरड्यावर नेऊन ओतली आणि पोरगी माझ्या मांडीवरून उचलली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, चुलीजवळ तिचा चहा निवत ठेवला होता, भिंतीवरची एक मुंगी धरली आणि तिच्यादेखत चहात टाकली. तीही मेली. मी म्हणाले, मंग तुमी रोज चहा काहून पिता? म्हाताऱ्यांपैकी एक फसकन हसली. सासू हसली नाही. तिनं तो कप माझ्या अंगावर रिकामा केला आणि म्हणाली की शाळा शिकून एवढंच शिकलीस. चहा कोमट होता, भाजलं नाही. तेव्हा मात्र मला वाटलं होतं की मी जिंकले. जिंकले कसली, त्या चहानं माझं उरलंसुरलं घालवलं. वस्तीत झालं की पोरीच्या जिवाचं हिला काही नाही, सासूशी हुज्जत घालायची आहे.

पोरगी शेळीच्या दुधावर गेली. पाणी घातलेलं दूध, कापसाच्या बोळ्यानं तोंडात पिळायचं. भांडं तेच, बोळा तोच, माशा त्याच. मी चोरून पाजायचे. सासू शेळ्यांमागं गेली की पोरीला पदराखाली घ्यायचे. पोरगी अशी ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं. एकदा शेजारी राहणाऱ्या थोरल्या जावेनं बघितलं आणि आरडाओरडा केला, लेकराला जहर पाजती म्हणून. त्यानंतर पोरगी सासूच्या कुशीतच निजायची आणि सासू कुठंही गेली तरी तिला कडेवर घेऊन जायची.

नवरा हट्ट्याहून आला. मी त्याला सगळं सांगितलं, रडून सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आधी आईचं ऐकलं, मग माझं ऐकलं, आणि मग अंगणात बराच वेळ बिडी ओढत बसला.

"आईची लेकराशी दुष्मनी हाय का?" तो म्हणाला. "रिपोट येऊ दे. साफ निघालं की पाज, मी कुनाचं ऐकत न्हाई."

त्याला वाटलं त्यानं न्याय केला. तो परत मेंढरांकडं गेला आणि माझा जीव त्या रिपोर्टावर टांगून गेला. दूध माझं, पोरगी माझी, आणि निकाल कुठल्या समुद्रापल्याड. माझे स्तन दगडासारखे झाले होते, अंगात ताप होता. मी परसात जाऊन दूध राखेत पिळायचे आणि वरून माती लोटायचे, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. आतून पोरीचं रडणं ऐकू यायचं. रडणं ऐकलं की दूध आपोआप वाहायचं. ह्याहून वाईट काही मला आयुष्यात माहीत नाही.

मी उन्हातान्हाची चालत नर्सबाईकडं गेले. ती म्हणाली, पाज ना बाई, कोण अडवतंय तुला? मी म्हणाले, हेच येऊन घरी सांगा. ती लसीच्या दिवशी आली, आणि सांगितलंही. आईचं दूध सगळ्यात चांगलं, असं ती नेहमीच्या सुरात म्हणाली. सासूनं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिनं एवढंच विचारलं की ह्या पोरीच्या आईच्या दुधात जहर न्हाई असं तुमी छातीला हात लावून सांगता का? नर्सबाईनं लसीची पेटी बंद केली. तिनं काय सांगावं? तिनंच तर जीप आणली होती. ती म्हणाली की तपासणी मोठ्या लोकांची आहे, मी त्यात बोलू शकत नाही. हात झटकून ती पुढच्या घरी गेली. माझ्याच्यानं तिच्याकडं बघवलं नाही. त्यावेळी तिनं धडधडीत खोटं बोलायला हवं होतं.

पोरीला हगवण लागली तेव्हा माझं दूध जवळजवळ आटलं होतं. फाट्यावरच्या डॉक्टरनं पिवळ्या कॅप्सुला दिल्या, फोडून पाण्यातून पाजायला. त्या आमच्या घरात आधीपासूनच होत्या. मेंढरं हगायला लागली की त्याच कॅप्सुला गुळाच्या पाण्यात कालवून त्यांना पाजायची आमची पद्धत. एकाला पाजली की कळपातल्या सगळ्यांना पाजायची, दुखणं पसरू नये म्हणून. माणसांना ताप आला की आम्हीही त्यातलीच एखादी गिळायचो आणि बरं वाटलं की सोडून द्यायचो. पोरीला गुण आला नाही. मग डॉक्टरनं सुई टोचली. दोन दिवस कमी वाटलं आणि मग रक्त पडायला लागलं.

काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसून आम्ही नांदेडला गेलो. मी, सासू आणि निरोप मिळताच धावत आलेला नवरा. मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं एक औषध लावलं, ते बदलून दुसरं लावलं, मग तिसरं. घरी काय काय दिलं ते त्यानं खोदून विचारलं. मी मेंढरांचंही सांगितलं, सगळंच सांगितलं, आता लपवून काय करायचं होतं? तो म्हणाला की पोटातल्या जंतूंना ह्या औषधांची सवय होऊन गेली आहे, ते आता ह्यानं मरत नाहीत. अशी लेकरं त्याच्याकडं रोज येत होती. मग त्यानं माझ्याकडं बघून विचारलं की एवढं लहान मूल अंगावर का पाजत नाही. मी बाटलीचं सांगितलं. गोऱ्या बाईचं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला.

"जहर असतं तरी पाजायचं होतं, ताई," तो म्हणाला. "थोडंफार सगळ्यांच्याच दुधात असतं. त्यानं मूल मरत नाही."

सासू तिथंच खाली फरशीवर बसली होती. तिनं ऐकलं की नाही मला ठाऊक नाही. पोरगी दुसऱ्या सकाळी गेली. परत येताना जीपवाल्यानं आम्हाला मागच्या बाकावर बसवलं आणि वाटेत कुणी हात केला तरी गाडी थांबवली नाही.

पुढं मला मुलगा झाला. सासू वाटी घेऊन पुढं येईल म्हणून मी बाजेखाली विळा ठेवला होता आणि ते तिला सांगितलंही होतं. ती आली नाही. मी त्याला पुरता चालायला लागेपर्यंत पाजलं, चारचौघांत पाजलं, लाज सोडून पाजलं. आज तो धडधाकट आहे. पण त्याच्याकडं बघून मनातला काटा निघाला नाही, उलट खोल गेला. हेच दूध होतं ना? की तेव्हा खरंच काही निराळं होतं? त्या साली पावडर जास्त लागली होती का? डॉक्टर म्हणाला त्यानं मरत नाही, पण त्यानं तरी माझं दूध कुठं तपासलं होतं? रात्रंदिवस हेच. आणि रस्त्यावर जीप थांबली की सासूचे कान टवकारायचे. ती विचारायची, रिपोटवाले का गं? तिची मुंगी खरी ठरायला हवी होती तिला. मला ती खोटी ठरायला हवी होती. एका घरात दोघी जणी एकाच कागदाची वाट बघत म्हाताऱ्या होत होतो.

बऱ्याच वर्षांनी कळमनुरीला एक कार्यक्रम झाला. बचत गटाच्या बायकांना गाडीनं नेलं. भिंतीवर कापडी फलक, त्यावर गोलाकार पृथ्वी आणि भोवती देशोदेशींचे झेंडे. औषधांचे रिकामे डबे घरात वापरू नका, माणसांची औषधं जनावरांना मनानं देऊ नका, ह्यावर भाषणं. पांढरी पावडर आता कायद्यानं बंद झाली असंही कुणी सांगितलं. मंचावर मॅडम बसल्या होत्या. केस पिकले होते, पण मी ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. कशा ओळखतील?

जेवणाच्या रांगेत मी त्यांना गाठलं. वस्ती सांगितली, शेळ्या सांगितल्या, गोरी बाई सांगितली. त्यांचा चेहरा उजळला. हो हो, म्हणाल्या, तो फार महत्त्वाचा अभ्यास होता.

मी विचारलं, "माझ्या दुधात काय निघालं?"

त्या जरा घुटमळल्या. मग अगदी प्रेमानं, लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. एकेकीचं दूध वेगळं तपासलंच नव्हतं. सगळ्या आयांच्या बाटल्यांतलं थोडं थोडं दूध एका भांड्यात एकत्र केलं आणि ते तपासलं. तशीच पद्धत ठरली होती, सगळ्या देशांनी मिळून ठरवलेली. एका देशाचा एक आकडा निघतो, मग देशादेशांचे आकडे लावून बघता येतात. आपल्या देशाचाही निघाला, पुस्तकात छापलाय. त्यांनी अगत्यानं विचारलं, पुस्तक पाठवू का?

मी म्हणाले की तुम्ही तर सांगितलं होतं, कळेल म्हणून. त्या म्हणाल्या, तसं बोलायला नको होतं. मी त्यांना पोरीचं सांगितलं. त्या म्हणाल्या की कोणत्याही आईनं पाजणं बंद करू नये, हे तर आमच्या प्रत्येक कागदावर वरच छापलेलं होतं. कोणत्या भाषेत, मी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते बघायचं नव्हतं. त्यांच्या पाण्याचं मी काय करू? मी न जेवता गाडीत जाऊन बसले.

गाडीत बायका हसत होत्या, मिळालेल्या पिशव्या उघडून बघत होत्या. मला एवढंच दिसत होतं, एक मोठं भांडं आणि त्यात कुठल्या कुठल्या बायकांचं दूध. समुद्रकाठच्या, डोंगरातल्या, शहरातल्या. माझं त्यात कालवलेलं. आता ते कुणाच्या बापाला निराळं काढता येणार नव्हतं. मी एवढी वर्षं वाट बघत होते आणि वाट बघण्याजोगं काही कुठं नव्हतंच. दुनियेला पाहिजे ते दुनियेला मिळालं होतं.

घरी आले तर सासू ओसरीवर बसली होती. तिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. माझ्या पावलांवरून तिनं ओळखलं. कार्यक्रम कशाचा होता ते तिला सकाळी कुणीतरी सांगितलं असावं.

"आला का गं रिपोट?" तिनं विचारलं.

मी चपला काढल्या. पाण्याचा तांब्या भरून घेतला, प्याले.

"आला," मी म्हणाले. "साफ निघालं दूध."

"साफ?"

"पार साफ. कनभर बी जहर न्हवतं."

मी आत जायला वळले तेव्हा ती म्हणाली, "मंग लेकरू म्या मारलं."

एका वाक्यात मी तिला सोडवू शकत होते. कुणालाच माहीत नाही आत्याबाई, सगळ्यांचं दूध एकत्र केलं होतं, एवढं म्हटलं असतं की झालं असतं. पण मॅडम गाडीत बसून निघून गेल्या होत्या. गोरी बाई कुठं असेल देव जाणे. नर्सबाईची बदली झाली होती. समोर बसलेली ही एकटीच होती.

"व्हय," मी म्हणाले, आणि चूल पेटवायला आत गेले.